सिंहाच्या रानाचा खंड कुणी भरायचा?

आफ्रिकेत सिंह मारायला जाणारा श्रीमंत शिकारी आणि त्याची बाजू घेणारे लोक एक गोष्ट ठामपणे सांगतात. आमच्या पैशावर ते रान टिकून आहे, आमची बंदूक बंद झाली की सिंहही संपेल. हे म्हणणं थाप म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यामागे आकडे आहेत, नाणावलेले शास्त्रज्ञही आहेत. म्हणून खंडनाला हात घालण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

सहाराच्या दक्षिणेला शिकारीसाठी राखलेली जमीन सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर भरते. साडेचार महाराष्ट्र मावतील एवढी ही जमीन तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकूण क्षेत्रापेक्षाही जास्त आहे. तिच्यातला बराच भाग पर्यटकाला रुचणारा नाही. सपाट झुडपी रान, त्सेत्से माश्यांचा त्रास, रस्त्यांचा पत्ता नाही आणि तासन्‌तास फिरूनही जनावर दिसेल याची खात्री नाही. कॅमेरेवाला तिकडे फिरकत नाही. शिकारी जातो, आणि एकटा शिकारी कित्येक पर्यटकांएवढे पैसे मोजतो. ते उत्पन्न थांबलं की त्या रानात गुरं घुसतील, मका उभा राहील, कोळशासाठी झाडं पडतील आणि सिंहाच्या वाट्याला विष येईल. झिम्बाब्वेतल्या बुबये व्हॅलीत पूर्वी गुरांची कुरणं होती. १९९९मध्ये तिथे मोजके सिंह सोडले, ते शिकारीच्या उत्पन्नावर वाढत पाचशेच्या घरात गेले. याउलट केनियानं १९७७मध्येच शिकार बंद केली आणि पुढच्या चार दशकांत तिथल्या मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या ६८ टक्क्यांनी घटली. २०१९मध्ये शंभराहून अधिक संशोधकांनी आणि संवर्धनात काम करणाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पत्र लिहून इशारा दिला, की सरसकट शिकारबंदीनं वन्यजीवांचंच नुकसान होईल.

एवढं मान्य करून आधी बघू, की त्या पैशात शिकाऱ्याला मिळतं काय.

सिंहाच्या शिकारीची किंमत देशानुसार सरासरी २४,००० ते ७१,००० डॉलर पडते, असं २०१२मध्ये संशोधक पीटर लिंडसे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. इतर कुठल्याही जनावराच्या शिकारीला एवढा भाव नव्हता. टांझानियात सिंह हवा तर २१ दिवसांची सफारी घ्यावी लागत आली आहे. व्यावसायिक शिकारी, मागकाढे, कातडी सोलणारे, आचारी, गाडी, तंबू यांचा रोजचा दर वेगळा. छोट्या विमानाचं भाडं वेगळं. जनावर पडलं की सरकारी शुल्क वेगळं, आणि सफारीच्या धंद्यातला शिरस्ता असा, की जनावराच्या अंगातून रक्त निघालं की पूर्ण पैसे लागू, मग ते हाती लागो वा न लागो. पुढे मीठ चोळलेलं कातडं आणि कवटी मायदेशी पाठवायची, परवाने काढायचे, पेंढा भरणाऱ्याचं बिल भरायचं.

प्रत्यक्ष शिकार बहुतेक ठिकाणी आमिषावर होते. आधी एक झेब्रा किंवा रानरेडा मारतात. त्याच्या मागच्या मांडीचा तुकडा साखळीनं फांदीला अशा उंचीवर बांधतात, की तरसाचं तोंड पोचू नये पण सिंहाला मागच्या पायांवर उभं राहून लचका तोडता यावा. आतडी आणि पोटातली घाण गाडीमागे बांधून वाटेवर फरफटत नेतात, म्हणजे वास दूरवर जातो. समोरच्या झाडाला कॅमेरा लावून ठेवतात. रोज सकाळी त्यातले फोटो बघून कोण येऊन गेला, आयाळ किती भरली आहे, नाकाचा गुलाबी रंग जाऊन ते किती काळं पडलं आहे, याची चर्चा होते. नर पसंत पडला की वारा बघून गवताफांद्यांचा आडोसा रचतात आणि बंदुकीला टेकण लावतात. शिकारी पहाटेच्या अंधारात तिथे येऊन बसतो. उजाडताना मांसात तोंड खुपसलेला सिंह दिसतो. नेम चुकलाच तर शेजारी दुसरी बंदूक घेऊन पगारी माणूस तयार असतो.

शिकारी या पहाटेबद्दल फार तन्मयतेनं बोलतात. थंडी, काळोख, जवळून ऐकू येणारा हाडं फोडल्याचा आवाज, स्वतःच्या छातीची धडधड. हे सगळं खरं आहे यात मला शंका नाही. काही जण कलहारीच्या वाळूत पायी माग काढत जातात, तिथे जिवाला धोकाही खराच असतो. पण अनुभव कितीही उत्कट असला तरी त्यातून दुसऱ्याचा जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. आणि तीन आठवडे माणसांची एक फळी राबवून, ठरलेल्या झाडाखाली, जेवायला बोलावलेल्या जनावरावर गोळी झाडण्याला सामना म्हणणं मला पटत नाही.

२०१५च्या जुलैत झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर मारला गेलेला सेसिल हा सिंह जगाला ठाऊक झाला. सुमारे तेरा वर्षांचा हा नर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधनात होता, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा होता. एका अमेरिकी दंतवैद्यानं सुमारे ५०,००० डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं. पहिला वार बाणाचा होता. बाण लागल्यावर सेसिल कित्येक तास जिवंत होता, त्याला गाठून मारलं ते नंतर.

आणि हा तर रानातला सिंह. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ८,००० सिंह कुंपणात पैदा करून वाढवलेले आहेत. बछडा आईपासून लवकर तोडायचा, म्हणजे सिंहीण पुन्हा लवकर विते. परदेशी तरुणांनी ‘अनाथ’ बछड्यांना बाटलीनं दूध पाजायला पैसे द्यायचे. बछडा मोठा झाला की पर्यटकांनी त्याच्याबरोबर फिरायला पैसे द्यायचे. आयाळ भरली की शिकाऱ्यानं द्यायचे. शेवटी सांगाडा पूर्व आशियातल्या औषधबाजारात विकायचा. २०१७मध्ये सरकारनं अशा ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला मुभा दिली होती. माणसाच्या हातचं दूध पिऊन वाढलेला सिंह माणूस बघून पळत नाही, गोळी घालणाऱ्याचं काम तेवढं सोपं होतं. ‘यामुळे रानातले सिंह वाचतात’ हा युक्तिवाद खुद्द शिकाऱ्यांनाही पेलला नाही. सफारी क्लब इंटरनॅशनल या त्यांच्या बलाढ्य संघटनेनं २०१८मध्ये कुंपणातल्या सिंहांच्या शिकारीची जाहिरात घेणं बंद केलं. या प्रकाराबद्दल याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

मुख्य वाद रानातल्या सिंहाचा आणि त्याच्या पैशाचा. लिंडसे यांच्या त्याच अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत. देशपातळीवर शिकारीच्या एकूण उत्पन्नात सिंहाचा वाटा ५ ते १७ टक्के होता. सिंहाची शिकार बंद केली तर किमान ५९,५३८ चौरस किलोमीटरवर शिकारीचा धंदाच परवडेनासा होईल, असा त्यांचा अंदाज होता. हे क्षेत्र लहान नाही, आणि लिंडसे स्वतः बंदीचे आणखीही दुष्परिणाम संभवतात असं बजावतात. तरीही सिंह गेला की सगळा डोलारा कोसळेल, हे चित्र या आकड्यांतून उभं राहत नाही. बाकीचा धंदा रानरेडे, मृग, बिबटे यांवर चालतो.

दुसरा प्रश्न, पैसा जातो कुठे? सिंहाशेजारी राहण्याची किंमत मोजतो तो गुराखी. रात्री त्याच्या गोठ्यावर झडप पडते, त्याची गाय जाते, कधी त्याचं मूल जातं. शिकार कंपन्यांच्या उत्पन्नातला जेमतेम ३ टक्के हिस्सा स्थानिक गावांपर्यंत पोचतो, असं २०१३च्या एका आर्थिक अहवालानं दाखवलं. नामिबियात १९९६च्या कायद्यानं गावांना वन्यजीवांवर हक्क मिळाले, तिथे वाटणी बरी आहे, मांसही गावात येतं. ते नाकारायचं कारण नाही. पण नामिबियाचं उदाहरण पुढे करून टांझानियाचा व्यवहार झाकता येत नाही. टांझानियातलं सेलूस अभयारण्य बहुतांश शिकारीच्या पट्ट्यांत विभागलेलं होतं. बंदुका, गाड्या, कंपन्या सगळं तिथे होतं. तरी १९७६मध्ये लाखाच्या वर असलेले हत्ती २०१३च्या गणतीत १३,०००च्या आसपास उरले होते. शिकाऱ्याचा वावर हीच राखण, हा दावा तिथे हस्तिदंताच्या चोरांनी खोटा पाडला.

तिसरं म्हणणं जीवशास्त्राचं. म्हातारा नर मारला तर बिघडतं काय? सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर यांच्या गटानं २००४मध्ये गणित मांडलं, की पाच-सहा वर्षांहून मोठे नरच मारले तर कळपांची संख्या टिकून राहते. गणित बरोबर आहे, मोझांबिकच्या नियासात ते बऱ्यापैकी पाळलंही गेलं. मात्र आडोशातून, अर्ध्या उजेडात, एकविसाव्या दिवशी, पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या शेजारी हे वय ठरवायचं असतं. ह्वांगेत १९९९पासूनच्या काही वर्षांत खुणा केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाच्या भोवतीच्या शिकारपट्ट्यांत मारले गेले होते. हद्दीवरचा नर मेला की ती जागा घ्यायला उद्यानाच्या पोटातला नर बाहेर येतो आणि तोही बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. नवा नर कळपात शिरला की आधीच्याचे बछडे मारतो, म्हणजे सिंहिणी पुन्हा माजावर येतात. एका कातड्याच्या मागे किती जीव गेले ते परवान्यावर लिहिलेलं नसतं. आफ्रिकेत आज वीस-पंचवीस हजार सिंह उरले आहेत. त्यांच्यावर असले प्रयोग परवडणारे नाहीत.

इथवर खंडन झालं. पण मी ज्या बाजूला उभा आहे तिच्याही पदरात दोष आहे आणि तो मोठा आहे. सेसिलसाठी पाश्चात्त्य देशांत अश्रू वाहिले, तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या झिम्बाब्वेच्या एका तरुणानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की ही बातमी ऐकून आपल्याला प्रथम बरंच वाटलं, कारण आपल्या गावात सिंह म्हणजे दहशत होती. हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटू नये. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याच्या भीतीनं पोरांना अंगणात सोडता न येणाऱ्या आईला पुण्या-मुंबईच्या माणसानं बिबट्याप्रेम शिकवावं का? ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं २०१५मध्ये सिंहाची कातडी-कवट्या आणायला बंदी केली. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहानं २०२३मध्ये तशाच बंदीचं विधेयक मंजूर केलं, ते पुढे लॉर्ड्समध्ये अडलं. त्या विधेयकात आफ्रिकेतल्या एकाही गावासाठी एका पौंडाची तरतूद नव्हती. केनियाची घसरण शिकारबंदीनं झाली असं मी मानत नाही. लोकसंख्या, कुंपणं, वाढती गुरं आणि चोरटी शिकार ही तिची कारणं. पण नुसती बंदी ती रोखू शकली नाही, हे मानावंच लागतं.

मग उपाय काय? सिंहाच्या रानाचा खंड रोख द्यायचा, ज्याची जमीन त्याच्या हाती, आणि सिंह जिवंत आहे म्हणून द्यायचा. हे स्वप्नरंजन नाही. केनियात मसाई माराला लागून २००६मध्ये ओलारे ओरोक हे राखीव क्षेत्र उभं राहिलं. तिथे मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्यानं दिले. पर्यटक कमी आले तरी ठरलेला खंड दरमहा मिळायचा, अशी अट घातली. अंबोसेलीजवळच्या म्बिरिकानीत २००३पासून गुरं गेली की भरपाई मिळते. गोठा नीट बांधलेला नसेल तर ती कमी होते, आणि सिंह मारला तर दंड बसतो. त्याच मुलखात २००७पासून ‘लायन गार्डियन्स’चे मसाई तरुण काम करतात. पूर्वी यांच्यातलेच मोरान, म्हणजे तरुण योद्धे, भाला घेऊन सिंह मारायचे आणि नाव कमवायचे. आता ते पगारावर सिंहांचा माग काढतात, त्यांना मसाई नावं देतात, गुराख्यांना ‘आज त्या ओढ्याकडे जाऊ नका’ म्हणून सांगतात, हरवलेली वासरं शोधून आणतात, काटेरी कुंपणं दुरुस्त करून देतात. नैरोबीच्या उद्यानाला लागून राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या शाळकरी मुलानं जुनी बॅटरी, मोटारसायकलचा इंडिकेटर आणि टॉर्चचे दिवे जोडून गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे लावले. माणूस कंदील घेऊन फिरतोय असं वाटून सिंह मागे फिरू लागले.

भारताकडेही दाखवण्यासारखं आहे. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या बंदुकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियाई सिंह गीरपुरता मोजका उरला होता. २०२५च्या गणतीत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक गीरच्या मुख्य जंगलाबाहेर, शेतावाडीत. एकही परवाना न विकता हे झालं. गेलेल्या गुरांची भरपाई सरकारी तिजोरीतून होते, गीरमधल्या मालधारी गुराख्यांच्या कुरबुरी आहेत आणि त्यात तथ्यही आहे. झांबियाच्या किंवा मोझांबिकच्या तिजोरीला हा भार झेपणार नाही, म्हणून गीरचा नमुना तिकडे जसाच्या तसा उचलून नेता येत नाही.

इथेच शिकारीची बाजू घेणारे शेवटचा प्रश्न टाकतात: पैसा आणणार कुठून? २०२०मध्ये विमानं थांबली आणि मारातल्या खंडाचीही ओढाताण झाली. प्रश्न रास्त आहे. पर्यटनावर सगळी मदार ठेवता येणार नाही, आणि त्सेत्सेच्या रानात पर्यटक येणारही नाही. पण गावाच्या हाती आज जे पडतं ते इतकं थोडं आहे, की तेवढं भरून काढणं सिंहाच्या कातड्याला बंदी घालणाऱ्या श्रीमंत देशांना मुळीच जड नाही. खरा खर्च गस्तीचा आणि वनरक्षकांच्या पगाराचा आहे, आणि तोही त्यांनीच उचलला पाहिजे. सिंह सगळ्या जगाचा ठेवा आहे असं हेच देश म्हणतात. क्रमही ठरलेला असावा. आधी गावाशी निदान वीस वर्षांचा करार, पहिल्या वर्षाचा खंड गावाच्या खात्यात जमा, त्यानंतर शिकारपट्टा बंद. लंडनमध्ये किंवा आणखी कुठे असं विधेयक पुन्हा येईल तेव्हा बंदीच्या कलमाला लागूनच रकमेचं कलम असलं पाहिजे: कोणतं रान, कोणती गावं, दरसाल किती खंड. आणि ती रक्कम शिकार कंपनी गावाला देत होती त्याहून कमी असता कामा नये.