सुई कधी मारायची?

मंडळी, रिचमंड हिलच्या आपल्या घरांत गोठे नसले तरी गावाकडचे गोठे फोनवरून आपल्याकडे येतातच. "वासरू कालपासून हगतंय, सुई मारून घेऊ का?" असं विचारलं की इंजिनिअरलाही उत्तर द्यावंच लागतं. परदेशातला भाऊ म्हणजे सर्वज्ञ!

आम्हाला हा प्रश्न धोक्याची घंटा कितीवर लावायची, असा दिसतो. घंटा फार लवकर वाजली तर पैसे जातात आणि नको ते औषध पोटात जातं. उशिरा वाजली तर घरची कालवड जाते, म्हणजे दोन-अडीच वर्षांनी मिळणारं दूधही गेलं.

हगवणीत बहुतेक वासरं मरतात ती जंतूंपेक्षा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून पाणी द्यायला कशाचीच वाट पाहायची नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले. त्यामागचं तत्त्व वासरालाही लागू पडतं: ग्लुकोज असेल तर आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठामागून पाणी जातं. वासरांसाठीची क्षारपुडी मिळते, ती पहिल्या पातळ शेणालाच सुरू करावी. "पोटाला आराम" म्हणून दूध तोडतात, ते मात्र आम्हाला अजिबात पटत नाही. आजारी जिवाला उपाशी ठेवून ताकद कुठून यायची?

सुईची गोष्ट वेगळी. थर्मामीटर लावा. साडेअडतीस ते साडेएकोणचाळीस सेल्सिअस ठीक. त्यावर ताप, शेणात रक्त, किंवा दुधाला तोंड न लावणं, यांपैकी काही दिसलं की पशुवैद्यकांना बोलवा. अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते तेच ठरवतील. इथे कॅनडात १ डिसेंबर २०१८ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिकं जनावरांसाठीही चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मानेच्या कातडीला चिमटा काढून सोडा. घडी दोन सेकंदांत मोडली तर बरं. रेंगाळली, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडतंय. आणि वासरू उठत नसेल, तोंडात बोट घातलं तरी चोखत नसेल, कान गार असतील, तर पुडी-बिडी राहू द्या. त्याला शिरेतूनच सलाईन लागतं. अशा वेळी अंग साडेअडतीसच्या खाली गेलेलं असतं, आणि "ताप नाही" म्हणून घरचे निर्धास्त बसतात.