पिकाला विमा, मग घराला काय?

पीकविम्याची मुदत संपत आली की आपण रांगा लावतो. ट्रॅक्टरचा विमा असतो, कर्जावर घेतलेल्या म्हशीचाही असतो. ज्या घरात बायकापोरं झोपतात, त्याचा मात्र नसतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. तिथं माणसं दबून मेली ती स्वतःच्याच भिंतींखाली. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत दिसायला भक्कम. पण आतून ती दोन सुट्या भिंती, मध्ये माती आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजू धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची माती, त्यात दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. हादरा बसला आणि भिंती पोटातून फुटल्या.

इलाज तेव्हाच सांगितला गेला होता. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठराविक अंतरानं आरपार बंध घाला, दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना सलग काँक्रीटची पट्टी द्या. मजबुतीकरणाला मदतही मिळाली. अनेकांनी त्या पैशात शेजारी एक नवी खोली काढली. जुनं घर होतं तसंच राहिलं. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणीला सकाळीच धक्के बसले. लोक रस्त्यावर पळाले आणि थोड्या वेळानं त्याच भिंतींच्या आत गेले!

"सरकार देईलच की," म्हणणाऱ्यांनी आकडा बघावा. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरले होते. तेवढ्यात घर कुठवर येतं, ते गवंड्याला विचारा.

'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप त्यात येतात. विम्यानं भिंत उभी राहत नाही, म्हणून आधी बंध आणि मग विमा. कोऱ्या अर्जावर सही करू नका. भिंत कशाची, छत कशाचं ते खरं लिहा. रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर धरा, जागेची किंमत त्यात येत नाही. आणि नमुना ८ वर अजून वारलेल्या वडिलांचं नाव असेल तर वारसनोंद उरकून घ्या, नाहीतर भरपाईच्या वेळी घर कोणाचं यावरूनच खेटे सुरू होतात.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सांगणं. घरकुलाच्या हप्त्यासाठी जोत्याचा फोटो घेता, तशा पट्टीतल्या सळ्याही बघा. काँक्रीट ओतण्याआधी जा, नंतर दिसत नाहीत.