१८, २१, २५ आणि घरातली चावी

दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एक मागणी हमखास पुढे येते, गाडीची. मुलानं वर्षभर अभ्यास केलेला असतो, अब्बूंनी शब्द दिलेला असतो. गाडी अब्बूंच्या नावावर घेतली जाते आणि चालवतो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. गल्लीत सगळ्यांचीच मुलं चालवतात, मग आपल्याच मुलानं काय घोडं मारलंय, असं आपण म्हणतो. पुढे बेकरीतून पाव आणायचा असो, ट्यूशनला जायचं असो की फजरच्या नमाजला, चावी त्याच्याच हातात.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू. गाडी चालवण्याचं वय १८. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं आपण ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी. शोरूममधल्या नेहमीच्या स्कूटी १०० सीसीच्या पुढच्या असतात, त्यामुळे ही सवलत आपल्या बहुतेक मुलांच्या कामाची नाही. बॅटरीवरची अगदी हळू चालणारी, ताशी २५ किलोमीटरच्या आतली छोटी गाडी तेवढी बिनलायसन्सची चालते. टॅक्सी, टेम्पो, ट्रक चालवायचा तर वय २० लागतं.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठा बदल झाला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मुलानं न सांगता गाडी नेली, असं नुसतं म्हणून भागत नाही. ते कोर्टात आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय लायसन्स नसलेल्याच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ज्या घरात महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो, तिथे ही रक्कम कुठून येणार?

आता दारूचं वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, इतर दारूसाठी २५, आणि त्यावर परवाना वेगळा. आपल्या घरांना या आकड्यांशी काय देणंघेणं, असं वाटेल. आपल्याकडे दारू पहिल्या वर्षीही हराम आणि ऐंशीव्या वर्षीही. पण हराम आहे म्हणून घरात तिच्याबद्दल बोलायचंच नाही, असा आपला रिवाज पडला आहे. मुलं मात्र कॉलेजला जातात, होस्टेलवर राहतात, मित्रांच्या वाढदिवसाला जातात. स्वतः न पिणारा मुलगाही प्यायलेल्या मित्राच्या मागे बसून घरी येऊ शकतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय घडलं, ते सगळ्यांना आठवत असेल. १७ वर्षांच्या मुलाच्या हाती महागडी गाडी होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याआधी तो मित्रांबरोबर दारू प्यायला होता. मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, यावर देशभर संताप झाला. पण त्याच प्रकरणात वडिलांना अटक झाली, दारू देणाऱ्या ठिकाणच्या लोकांनाही झाली, हेही लक्षात ठेवायला हवं. मुलाला दारू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

आम्ही शाळेत मुलांना नियम सांगतो. मुलं ऐकतात आणि विचारतात, "मॅडम, मग अब्बूंनी चावी का दिली?" या प्रश्नाला फळ्यावर उत्तर नाही. ते घरातच द्यावं लागेल.

उत्तर अवघड नाही. १८ पूर्ण होईपर्यंत सायकल, एसटी, शेअर रिक्षा. त्यानंतर आधी शिकाऊ लायसन्स, मग पक्कं. तोवर चावी मोठ्यांच्या खिशात. ईदच्या दिवशी आणि शब-ए-बरातच्या रात्री तर जास्तच सांभाळून, कारण तिघं-चौघं बसून रस्त्यावर शर्यती याच वेळी लागतात. आणि मुलांना एक शब्द द्यावा: चालवणारा प्यायलेला दिसला तर गाडीत बसू नका. रात्रीचे दोन वाजले तरी फोन करा, आम्ही येऊ, आणि रस्त्यात रागावणार नाही. हा शब्द मुलीलाही द्यावा, मुलालाही.

औलाद ही अमानत आहे, असं आपण मानतो. रस्त्यावर चालणारं दुसऱ्याचं लेकरूही कुणाची तरी अमानतच असतं. गाडीची चावी देताना दोघांचाही विचार करायला हवा. अल्लाह सगळ्यांच्या लेकरांची हिफाजत करो. आमीन.