साईट नवी झाली, पण मोबाईलवर वाचता येते का? कागल एमआयडीसी परिसरातला न दिसणारा अडथळा

कागल : कसबा सांगाव, हालसवडे, तळंदगे, पट्टणकोडोली या भागातलं आयटीआय झालेलं पोरगं नोकरी शोधायला लागलं की आधी खिशातला मोबाईल काढतं. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत घरापासून गाडीवर दहा-पंधरा मिनिटांवर. कंपनीचं नाव टाकलं, साईट उघडली, तर अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी मोठी केली तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. कसाबसा फॉर्म भरला, पण 'सबमिट'चं बटण काही सापडंना. शेवटी गाडीला किक मारून सिक्युरिटी केबिन गाठायची, आणि तिथं उत्तर मिळतं, 'अर्ज ऑनलाईन करा.'

यात पोराचं काही चुकत नाही. मोबाईलचंही नाही. चूक साईटच्या आतल्या मांडणीत असते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी साईट बनायची ती कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी. मजकूर तक्त्याच्या चौकटीत बसवायचा, चौकटीची रुंदी पक्की ठरवायची, वर हलणारं चित्र टाकायचं. त्या चित्रांसाठी वापरलं जाणारं 'फ्लॅश' 2020 अखेर बंद झालं. ज्या इंटरनेट एक्सप्लोररवर या साईटी नीट दिसायच्या त्याची शेवटची आवृत्ती 11, तिलाही मायक्रोसॉफ्टनं जून 2022 मध्ये निरोप दिला. आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान बसवून घे, असं सांगणारी एक ओळ पानाच्या सुरुवातीला लागते. ती नसली की मोबाईल ते पान कॉम्प्युटरचं समजून आक्रसून दाखवतो. मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण बहुतेक वेळा हेच.

दुसरा भाग लिखाणातल्या चुकांचा. वेबपान 'एचटीएमएल' नावाच्या खुणांनी लिहितात. एक खूण उघडली की बहुतेक वेळा ती बंद करावी लागते, बांधाचं तोंड मोडलं की बुजवावं लागतं तसं. नाही केली तर ब्राउझर अंदाजानं पान जुळवतो. कधी अंदाज बरोबर येतो, कधी पाणी भलत्याच सरीत जातं. या चुका शोधायला डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेचं तपासणी साधन फुकट आहे. साईटचा पत्ता टाकला की कितव्या ओळीत काय चुकलं ते यादीसकट समोर येतं.

मराठी साईटींना आणखी एक दुखणं आहे. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांचा ढीग होतो, आणि गुगलच्या शोधात मराठी म्हणून सापडत नाही. युनिकोड आलं तरी जुनी पानं तशीच राहिली. त्यात सूचना स्कॅन करून पीडीएफ टाकायची सवय. तो कागदाचा निव्वळ फोटो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला मोबाईल पान वाचून दाखवतो, पण असा फोटो त्याला सहसा वाचता येत नाही. फॉर्ममधल्या रकान्याला नाव जोडलेलं नसलं तर रकाना आहे एवढंच तो बोलतो. कशाचा रकाना, ते ज्यानं त्यानं ओळखायचं!

हा आता नुसत्या सोयीचा विषय राहिलेला नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ची. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निकाल दिला. राज्यातही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या 100 दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळ सुधारणा हा मुद्दा होता. त्याच्या निकालात पहिल्या पाच जिल्हाधिकारी कार्यालयांत कोल्हापूर होतं. पाठोपाठ ई-गव्हर्नन्सचा 150 दिवसांचा कार्यक्रम आला.

म्हणजे सरकारी कार्यालयांना निदान परीक्षा तरी आहे. वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला, जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपला ती कोण घेणार? साईट हे तिथं एकदा केलेलं काम असतं, शेडला रंग दिल्यासारखं. पण पुण्या-बंगळूरचा खरेदी अधिकारीही आता मोबाईलवरच बघतो, आणि गुगलही साईटीचं मोजमाप तिच्या मोबाईलवरच्या रूपावरून करतं. पोराचा अर्ज बुडतो तसा मालकाचा ऑर्डरचा फोनही बुडतो, फक्त तो न आलेला फोन कुणाला ऐकू येत नाही.

दुरुस्ती करताना नेहमी होणारी चूक म्हणजे रंग आणि फोटो बदलून पैसे देणं. आतला सांगाडा जुनाच राहतो. उलट, तपासणीत शून्य चुका आणण्याच्या मागे लागणंही शहाणपणाचं नाही, त्यातल्या कितीतरी किरकोळ असतात. आधी मोबाईलची ओळ, मग फॉर्म, मग युनिकोड मजकूर, मग उरलेल्या न मिटलेल्या खुणा. एवढं झालं तरी सर्वसाधारण साईट वापरण्याजोगी होते. काम बघायचं ते साध्या, स्वस्त मोबाईलवर, रेंज कमी असलेल्या जागी.

आणि पैसे देण्याआधी एक गोष्ट लेखी घ्यावी : साईटचं नाव कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे आणि पासवर्ड कुणाकडं आहेत. बनवणारा गडी नंबर बदलून गेला की साधा पत्ता बदलायलाही मालकाला स्वतःच्याच साईटीत शिरता येत नाही.