बाईचं नाव, पण उमेदवारी ठरवतं कोण?

सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला दिसला की आपण कार्यकर्त्या चिडतो. चिडायलाच हवं. पण ‘बाई काय, बाहुली आहे’ एवढ्यावर थांबलं तर तिला उभं करणारी व्यवस्था सुटून जाते, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची १९२४ ची निवडणूक या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे.

तिथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो. १८७४ ते १९७९ हे पद सलग डेमोक्रॅटिक पक्षाकडेच होतं. त्यामुळे खरा निकाल पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत लागे. जेम्स फर्ग्युसन यांना १९१७ मध्ये महाभियोगानं पदावरून हटवून पुन्हा पद घ्यायला बंदी केली होती. म्हणून त्यांनी पत्नी मिरिअमला उभं केलं. ‘एकीच्या मोलात दोन गव्हर्नर’ असा उघड प्रचार झाला.

हे गृहस्थ स्त्रियांच्या मताधिकाराचे विरोधक. पण प्रायमरीच्या अखेरच्या फेरीत समोर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा उमेदवार होता. तेव्हा मताधिकार चळवळीतल्या मिनी फिशर कनिंगहॅम मिरिअमच्या प्रचाराला उतरल्या. मिरिअम जिंकल्या. क्लॅनला रोखणं गरजेचंच होतं.

पण त्या प्रायमरीत काळ्या बायकांना मत नव्हतं. १९२० मध्ये देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९२३ मध्ये टेक्सासच्या कायद्यानं काळ्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीतून वगळलं. नोव्हेंबरच्या मतदानाचा मग उपयोग काय? ‘गोऱ्यांची प्रायमरी’ मोडायला सर्वोच्च न्यायालयाचा १९४४ चा निकाल यावा लागला.

आपल्याकडे कायदा कुणाला वगळत नाही. पण ‘बिनविरोध’चा निर्णय होतो त्या बैठकीत किती बायका असतात? दलित, आदिवासी बायका किती? २०२१ मध्ये नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूक पदांचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली. जिथे बोली लागते, तिथे मतपेटीपर्यंत पोचून तरी काय हाती येणार?

लोकसभा आणि विधानसभांतल्या एकतृतीयांश राखीव जागांचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्या जागांची तिकिटंही बंद खोलीतच वाटली जाऊ शकतात. तेव्हा मैत्रिणींनो, राखीव जागांसोबत आणखी एक मागणी लावून धरू या: उमेदवार ठरवणाऱ्या प्रत्येक समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि त्यांत दलित, आदिवासी, मुस्लिम बायका हव्यातच.