पाइप धरणाऱ्याचे डोळे

आमचा भाचा सदाशिव पेठेतल्या एका ग्रिलच्या कामावर वेल्डिंग शिकतोय. तोंडावर काच फक्त उस्तादांच्या; हा नुसता पाइप धरून उभा. रात्री दोनला डोळ्यांत वाळू गेल्यासारखा कळवळून उठला. आपानं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, आपल्या घरातला पहिला इलाज! पण डोळ्यांत काही गेलेलं नव्हतं. अतिनील किरणांनी डोळा भाजतो, नि दुखणं काही तासांनी सुरू होतं. डॉक्टरकडेच न्यावं.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला, की धुरामुळे संध्याकाळी हुडहुडी भरते. घरच्यांना वाटतो मलेरिया. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं हा धूर कर्करोगकारक ठरवला.

आपाला म्हटलं, डब्याबरोबर काचही दे. उस्तादांशी आम्ही बोलतो.