रुमाल टाकून धरलेल्या जागा

यात्रेच्या दिवसांत एस. टी. स्थानकावर दिसणारे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात आणि जागा धरल्या जातात. दाराशी शिस्तीने रांगेत थांबलेला म्हातारा आत चढतो, तेव्हा त्याच्या नशिबी उभ्याने प्रवास येतो. रुमाल टाकल्याने गाडीतील आसने वाढत नाहीत. ती कोणाच्या वाट्याला जावयाची एवढेच बदलते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांना आज ‘तयारी’ असे जे सोज्वळ नाव मिळाले आहे, ती तयारी म्हणजे हा रुमाल होय. फरक इतकाच की, हा रुमाल लाखाच्या घरात विकत घ्यावा लागतो.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. जागेला किंमत चिकटली की गुणाला कोण विचारणार, हा प्रश्न आम्ही तेव्हा सभांतून विचारीत असू. पुढे १९८७ साली देणगीस प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि आपण लढाई जिंकल्याच्या समाधानात राहिलो. वस्तुस्थिती अशी आहे की, देणगी गेली नाही. ती दोन वर्षे अलीकडे सरकली. पूर्वी ती महाविद्यालयाच्या कचेरीत बिनपावतीने घेतली जाई. आता ती क्लासच्या खिडकीवर, अठरा टक्के वस्तू व सेवा करासह, पक्क्या पावतीवर घेतली जाते. शासनाचाही तीत वाटा आहे!

या व्यवहाराचे खरे स्वरूप ‘इंटिग्रेटेड’ म्हणविणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांत पाहावे. विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर, देह मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासच्या बाकावर. प्रयोगशाळेतील परीक्षानळी त्याने हाती धरलेली नसते, तरी प्रात्यक्षिकाचे गुण जवळपास पूर्ण. २०१८ साली राज्य शासनाने मोठ्या शहरांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला; परंतु ज्या व्यवस्थेत वर्गात बसल्याने काहीच मिळत नाही, तेथे अंगठ्याचा ठसा काय करणार? अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशपरीक्षेत बारावीच्या गुणांना किमान पात्रतेपलीकडे वजन नाही. जेथे शाळा अनुदानित आहे तेथे शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून जातो, तो शिक्षक रिकाम्या बाकांपुढे उभा असतो, आणि त्याच विषयासाठी पालक बाहेर दुसऱ्यांदा पैसे मोजतो. एकाच वस्तूची किंमत समाजाने दोनदा चुकवावी आणि वस्तू मात्र निम्म्यांनाच मिळावी, असा बाजार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मी कधी शिकविला नाही.

यावर आपल्याच गोटातील काही मित्र आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात, सामाईक परीक्षेमुळे संस्थाचालकाची मनमानी संपली. आमदाराच्या चिठ्ठीवर प्रवेश मिळण्याचे दिवस गेले. गरिबाच्या पोराला निदान एक निःपक्षपाती कागद मिळाला. यातील पहिला भाग मला मान्य आहे. पण हा कागद शेवटी काय करतो ते २०२४ च्या ‘नीट’वरून पाहू. त्या वर्षी २३ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले. सुमारे १३ लाख पात्र ठरले. जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार आणि त्यांतील जवळपास निम्म्या खासगी. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ७२० पैकी १६२ गुणांवर होती. म्हणजे १६२ गुणांचा विद्यार्थीही बापाच्या थैलीच्या बळावर खासगी जागेच्या रांगेत उभा राहू शकतो, आणि त्याच्याहून कितीतरी अधिक गुण असलेला शेतमजुराचा मुलगा शासकीय जागा थोडक्यात हुकली की घरी परततो. या चाळणीला गुणवत्तेची चाळणी म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. त्याच वर्षीच्या पेपरफुटीविषयी मी येथे लिहीत नाही. परीक्षा सचोटीने झाली असती तरीही माझा आक्षेप कायम राहिला असता.

दुसरी एक तयारी आहे, तिची चर्चा कोणीच करीत नाही. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जातवैधता – या कागदांसाठी तहसीलच्या आवारात घातलेले दिवस. आणि त्यानंतर पसंतीक्रमाचा अर्ज. माझ्या तालुक्यातील एका ऊसतोड कामगाराची मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. बारावीत चांगले गुण, प्रवेशपरीक्षेतही बरे. अर्ज नेट कॅफेत भरलेला. भरणाऱ्याने घराजवळचे एक सामान्य महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले होते. पहिल्याच फेरीत ते मिळाले आणि पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. तिने मला विचारले, “सर, हे कुठं लिहिलेलं असतं?” मी म्हणालो, “इंग्रजी माहितीपुस्तिकेत असतं, बाई.” मुलींना व्यावसायिक शिक्षणात २०२४-२५ पासून मिळालेली शुल्कमाफी तिला मिळाली, हे नमूद केले पाहिजे. दारातले शुल्क माफ झाले. योग्य दारापर्यंत पोहोचण्याचे मात्र झाले नाही. हीच माहिती शहरात ‘समुपदेशक’ काही हजार रुपये घेऊन विकतात.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. याचा अर्थ सोळा पूर्ण होताच मूल बाजाराच्या स्वाधीन करण्यास सरकारची हरकत नाही.

आणि आपण? पक्षाच्या शिबिरात शिक्षणाच्या बाजारीकरणावर ठराव मांडणारे किती कार्यकर्ते आपल्या मुलाच्या क्लासचा हप्ता भरण्यासाठी सोसायटीचे कर्ज काढून बसले आहेत, हे मला ठाऊक आहे. मी त्यांना दोष देत नाही. सगळे रुमाल टाकीत असता एकट्याने न टाकणे म्हणजे आपल्या पोराला उभे ठेवणे होय, आणि माझ्या नातवाच्या बाबतीत मीही रुमाल टाकला. पण म्हणूनच हा प्रश्न व्यक्तिगत शुचितेचा नाही, धोरणाचा आहे, आणि लाज वाटते म्हणून गप्प बसण्याचा तर मुळीच नाही.

तामिळनाडूने २०२० साली कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि ‘नीट’ पात्र ठरलेल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांपैकी साडेसात टक्के राखून ठेवल्या. मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित शाळांतील मुलांसाठी अशी तरतूद मागण्यास आपणास कोणी अडविले आहे? बारावीच्या गुणांचे वजनही मागितले पाहिजे. अखिल भारतीय अभियांत्रिकी परीक्षेत ते २०१३ ते २०१६ या काळात चाळीस टक्के होते. मंडळामंडळांतील फरक काढून टाकण्याची रीतही तेव्हा वापरली गेली होती. ते अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

मागणी मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. निकालानंतरच्या दोन महिन्यांत प्रत्येक तालुक्यात सेतू केंद्रासमोर पक्षाचे एक टेबल असावे. दाखले आणि पसंतीक्रम एवढेच काम, वर्गणी नाही, सदस्यत्वाची पावती नाही. आमच्याकडे मी आणि दोन निवृत्त सहकारी यंदा ते मांडणार आहोत. माहितीपुस्तिकेतील नियमांचे मराठी टिपण जवळजवळ तयार झाले आहे. ज्या शाखांना हवे असेल त्यांनी कळवावे, छपाईचा खर्च वाटून घेता येईल.